यंत्र आणा, पण खिडकी बंद करू नका
(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर 'सार्वजनिक आरोग्यसेवा आणि तंत्रज्ञान' असा भारदस्त विषय छापला आहे. आम्ही पडलो मॅट्रिक. खलाशी म्हणून भरती झालो, हातात पाना होता, पुढे संघटनेचे काम गळ्यात पडले ते पडलेच. तेव्हा संगणकाचे शास्त्र आमच्याकडून ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. पण यंत्र कशाने चालते, कशाने बंद पडते, आणि बंद पडल्यावर मेमो कोणाच्या नावाने निघतो, एवढे मात्र नोकरीत नीट कळले आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रेल्वे दवाखान्यात सभासदाच्या कामासाठी आम्ही गेलो होतो. बाकड्यावर एक वयस्क भगिनी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. यजमान गँगमन होते, ते जाऊन सहा वर्षे झाली. बाईंना रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या दरमहा लागतात. आता नव्या पद्धतीत नोंदणी करताना मोबाईलवर एक आकडा येतो, तो खिडकीवर सांगायचा. कागदोपत्री नोंदलेला मोबाईल यजमानांचा, आणि ते सिमकार्ड बंद होऊनही काळ लोटला. खिडकीवरचा मुलगा कंत्राटी. नंबर बदलण्याचा अधिकार त्याला नाही. तो म्हणाला, "विभागीय कार्यालयातून नंबर बदलून आणा." कार्यालय दोनशे किलोमीटरवर! बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, आजार माझा आहे, त्यांच्या मोबाईलचा नाही."

शेवटी जुन्या फार्मासिस्टने, जो बाईंना दहा वर्षे ओळखतो, स्वतःच्या जबाबदारीवर आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि एका कागदावर नोंद केली. तो कागद नियमात बसत नाही. उद्या तपासणी झाली तर मेमो त्याला मिळेल.

आता यावरून कोणी म्हणेल, संघटनेचे लोक यंत्राच्या विरोधात आहेत. ऐंशीच्या दशकात आरक्षणाच्या खिडकीवर संगणक आला तेव्हाही आपल्याला हेच ऐकवले गेले. त्या वेळी आपल्यातल्या काहींनी नको तितका विरोध केला, हेही आज मोकळेपणाने कबूल करू. आम्ही विरोधात नाही. चांगले यंत्र कसे असते ते आम्ही पाहिले आहे, आणि त्यातले एक तर नखाएवढे आहे.

पोलिओची तोंडाने देण्याची लस उष्णतेने फार लवकर बिघडते. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. लस बर्फाच्या डब्यात घालून कार्यकर्त्या वाड्यावस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि आपल्या स्थानकांवर जात. धावत्या गाडीतही मुलांना डोस दिलेले तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. पण बर्फ वितळला, बस बंद पडली, फ्रीजची वीज गेली, तर कुपीतली लस चांगली राहिली की गेली हे ओळखायचे कसे? वरून दिसायला दोन्ही सारख्याच. मग एक तर संशयापोटी चांगली लस फेकायची, नाही तर अजाणता निकामी लस मुलांना द्यायची.

यावर उपाय म्हणून १९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर एक लेबल येऊ लागले. एक गडद वर्तुळ, त्याच्या आत फिकट चौकोन. कुपीला जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जातो, आणि पुन्हा बर्फात ठेवले तरी मागे फिरत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर डोस द्या. दोघांचा रंग एक झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला तर कुपी बाजूला काढा. संपले! वाचता येण्याची गरज नाही, वीज नको, सही नको, साहेबाचा फोन नको. निर्णय कुपी हातात धरणाऱ्या बाईचा.

देशातला शेवटचा जंगली पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याला आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या विभागाला पोलिओमुक्त जाहीर करण्यात आले. हे सगळे त्या लेबलाने केले असे कोणी समजू नये. लस स्वतः सुधारली, २०१० पासून दोन प्रकारच्या विषाणूंवर एकत्र चालणारी लस आली, आणि दर फेरीला वीस लाखांवर माणसे दारोदार फिरली. पण ज्या माणसाच्या हातात काम आहे त्याचा विचार करून केलेले यंत्र कसे असते, असे कोणी विचारले तर आम्ही त्या चौकोनाकडे बोट दाखवू.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ऑक्सिजनसाठी काय हाहाकार होता हे सांगायला नको. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात द्रवरूप ऑक्सिजन होता, इथे रुग्णालयांत माणसे तडफडत होती. हा माल उणे १८३ अंशांवर राहतो, त्याला खास टँकर लागतो. टँकर सपाट वाघिणीवर चढवून न्यायचे ठरले. कोकण रेल्वेवर मालाचे ट्रक असे नेण्याची रो-रो पद्धत १९९९ पासून चालू होतीच, म्हणजे विद्या आपल्याकडे तयार होती. अडचण उंचीची. वाघिणीची उंची १२९० मिलिमीटर, त्यावर टँकर ३३२० चा. वर ओव्हरहेड तार, वाटेत पूल, घाटात बोगदे. कोणता टँकर बसेल, कोणत्या मार्गाने जाईल, वळणावर आत माल हिंदकळला तर वेग किती ठेवायचा, हे सगळे मोजून झाले. कळंबोलीला २४ तासांत रॅम्प उभा राहिला. १९ एप्रिलला सात रिकामे टँकर घेऊन गाडी निघाली. घाट टाळण्यासाठी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेतला. १८५० किलोमीटरहून अधिक अंतर सुमारे पन्नास तासांत काटले. परत येताना तीन टँकर नागपूरला आणि चार नाशिकला उतरले. नंतरच्या काही महिन्यांत अशा गाड्यांनी देशभर ३५ हजार टनांहून अधिक ऑक्सिजन पोहोचवला.

जाता जाता एक गोष्ट. ज्या विशाखापट्टणमच्या कारखान्यातून तो ऑक्सिजन आला, तो सरकारी मालकीचा कारखाना विकायचा निर्णय त्याच वर्षी जानेवारीत मंत्रिमंडळ समितीने तत्त्वतः घेतला होता.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. आपली गाडी वाटेत असतानाच, २१ एप्रिल रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी होती. ऑक्सिजनही होता. आम्ही सी अँड डब्ल्यूमधले लोक डबा पिट लाइनवर घेतल्याशिवाय पुढे सोडत नाही, ठरलेल्या मुदतीत त्याची पीओएच होते, कोणी काय तपासले याची नोंदवही असते. दवाखान्यातल्या टाकीची, व्हेंटिलेटरची, जनरेटरची पीओएच कोण करतो? त्या कामाला कायम पद आहे का? आम्ही काही रुग्णालयांत विचारून पाहिले. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले, "एजन्सीला फोन करतो."

आपलेही चुकले आहे, ते झाकायचे नाही. २०२० साली रेल्वेने ५,२३१ डबे कोरोना रुग्णांसाठी तयार केले. टाळेबंदीत, जीव मुठीत धरून, आपल्याच माणसांनी मधले बर्थ काढले, एका शौचालयाची न्हाणी केली, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावली. काम उत्तम झाले. पण डबे बिनवातानुकूलित. मे महिन्यात यार्डात उभ्या असलेल्या डब्यात आजारी माणूस कसा राहील, हे कोणी विचारले? पिट लाइनवरच्या कोणत्याही फिटरने दुपारी दोन वाजता आत किती तापते ते सांगितले असते. नंदुरबारला २०२१ मध्ये काही डबे कामी आले, आणखी काही ठिकाणीही आले, पण बहुतेक डबे रुग्णाविना परत प्रवासी सेवेत गेले.

मोठ्या आणि श्रीमंत देशांतही हेच. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सर्वांना मोफत सरकारी आरोग्यसेवा आहे. २००२ साली तिथल्या सरकारने सगळ्या रुग्णांची माहिती एकाच संगणक यंत्रणेत आणायची प्रचंड योजना काढली. अब्जावधी पौंडांची कंत्राटे मोठमोठ्या कंपन्यांना दिली. ज्या डॉक्टर-परिचारिकांनी ती वापरायची त्यांना नीट विचारलेच नाही. २००६ साली एक कंपनी बाहेर पडली, २००८ मध्ये दुसरीचे कंत्राट संपुष्टात आले, आणि सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने योजना मोडीत काढल्याचे जाहीर केले. सगळेच वाया गेले असे नाही. क्ष-किरणाची चित्रे एका जागेहून दुसरीकडे संगणकावर पाठवण्याची सोय त्यातूनच झाली, ती डॉक्टरांना हवी होती म्हणून टिकली.

टपाल बांधवांसाठी याच देशातली आणखी एक गोष्ट, जरी ती आरोग्याची नाही. तिथल्या टपाल खात्यात १९९९ पासून हिशेबाची नवी संगणक यंत्रणा बसवली. ती हिशेबात खोटी तूट दाखवी. खात्याने यंत्र खरे मानले आणि माणूस चोर. ९०० हून अधिक उपपोस्टमास्तरांना शिक्षा झाल्या, कित्येक तुरुंगात गेले. त्या शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. 'सिस्टीम तसे दाखवत नाही' हे वाक्य तुम्ही काउंटरवर बसून ऐकता किंवा बोलता, तेव्हा हे लक्षात असू द्या.

आपल्याकडे कोविन आले. २१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत शंभर कोटी डोसांची नोंद त्यावर झाली, प्रमाणपत्र घरबसल्या मिळाले. हे साधे काम नव्हे. पण त्याच वर्षी १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना आगाऊ ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही अशा ट्रॅकमनने काय करावे? शहरातली पोरे तालुक्याच्या केंद्रावरच्या जागा मिनिटभरात पटकावत आणि गावचा माणूस केंद्राबाहेर उभा. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली, आणि ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही याच प्रश्नावर सरकारला जाब विचारला. म्हणजे एक दार उघडे ठेवले तर यंत्र चालते.

आता आपल्या दवाखान्यांकडे या. युमिड कार्डामुळे कोणत्याही विभागातल्या रेल्वे रुग्णालयात दाखवता येते, ही मोठी सोय आहे. पूर्वी कागदी कार्ड घेऊन दुसऱ्या विभागात गेले की काय वागणूक मिळे ते खांडवा, इटारसी, सिकंदराबादकडच्या आपल्या मराठी बांधवांना चांगले ठाऊक आहे. रुग्णालयांची संगणक यंत्रणा देशातल्या १२५ रुग्णालयांत आणि ६५० दवाखान्यांत बसवण्याचे काम २०२० साली रेलटेलकडे सोपवले गेले. त्याला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे असे की मोबाईल नसेल, आकडा येत नसेल, नेट बंद असेल, तर कागदावर नोंद करून औषध देण्याचा लेखी अधिकार खिडकीवरच्या माणसाला द्या, म्हणजे त्या फार्मासिस्टला चोरी केल्यासारखे वाटणार नाही. आणि नंबर बदलण्याचे काम त्याच खिडकीवर होऊ द्या.

इथे टपाल बांधवांकडे एक मागणे आहे. निवृत्तांच्या दारात जाऊन हयातीचा दाखला तुमचा पोस्टमन काढून देतो. आधारमधला मोबाईल नंबर बदलण्याचे काम २०२१ पासून पोस्टमन घरी येऊन करतो. मग त्याच फेरीत रेल्वेच्या निवृत्तांचा आणि विधवा भगिनींचा नंबर वैद्यकीय नोंदीत बदलता येईल का? आमच्या मते येईल, पण त्यासाठी दोन खात्यांचा करार लागेल, आणि पोस्टमनला त्या कामाचा मोबदला लागेल. फुकटचे ओझे त्याच्या पिशवीत घालायला आम्ही सांगणार नाही. दोन्ही संघटनांनी मिळून मसुदा करावा, तो वर पाठवण्याचे काम आम्ही घेतो.

त्या भगिनींचा नंबर बदलायचा अर्ज आम्ही स्वतः नेऊन दिला. बदल व्हायला सात आठवडे लागले. तोवर गोळ्या मुलाने बाहेरून विकत आणल्या.

तेव्हा प्रत्येक शाखेने दवाखान्याच्या दाराशी एक साधी शंभर पानी वही ठेवावी. यंत्रामुळे कोणाला परत जावे लागले, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, किती दिवसांचे औषध चुकले, एवढेच लिहायचे. नाव लिहायचे की नाही ते रुग्णाने ठरवावे. परत फिरलेल्यांचा आकडा प्रशासनाच्या संगणकात कुठेच नाही, कारण ज्याची नोंदणी झाली नाही तो त्यात आलाच नाही. पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या.