ठिणगीविना खटका

दिव्याचं बटण बंद करताना आत कधी निळसर ठिणगी चमकते. वाहता प्रवाह तोडला की तो असा फणा काढतो. मग हजारो अँपिअर तोडायचे कसे?

एक उत्तर अतिवाहकाच्या पातळ थरात आहे. 1987 साली सापडलेलं इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं संयुग उणे 181 अंश सेल्सिअसच्या खाली विजेला अडवतच नाही. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांचा, त्यामुळे तेवढी थंडी पुरते. चांगल्या थरातून चौरस सेंटिमीटरला दहा लाख अँपिअर, या हिशेबानं वीज वाहते.

आता गंमत. या थरावर लेझरचा झोत टाका किंवा चुंबकीय क्षेत्राचा तडाखा द्या. अतिवाहकता मोडते, थर एकाएकी विजेला अडवू लागतो आणि प्रवाह शेजारच्या वाटेनं वळतो. काही हलत नाही, संपर्क उघडत नाही. क्षण मात्र आपण ठरवायचा!

खरी डोकेदुखी वेगळीच. सगळ्या थराची अतिवाहकता एकदम मोडली नाही, तर उष्णता एकाच ठिपक्यावर साठते आणि थर तिथंच जळतो. एमआरआय यंत्रातही याच जातीचा खटका असतो, पण तारेचा. त्याला चिमुकला हीटर तापवतो.