वारसा बांधकामाचा
(भाषणाचा सारांश)

सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी पिढीजात व्यवसाय सोडून, रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. भोर घाटातील बोगदे तिने खोदले. १९५३ मध्ये वालचंद निवर्तले. कुटुंबाने कार्य पुढे चालविले. कंपनीने बांधलेल्या कोयना धरणास ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडे गेले. परंतु धरण उभे राहिले व पुढे अधिक बळकट करण्यात आले. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला. पुढे कर्जाचा भारही कंपनीस सोसावा लागला. मालकी वारशाने मिळते, विश्वास मात्र प्रत्येक बांधकामागणिक नव्याने मिळवावा लागतो. गावच्या शाळेची भिंत बांधून घेतानाही हीच कसोटी लावावी.