फ्यूज का उडाला?



भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर एक चार मजली इमारत आहे. जिन्याखाली मीटर रूम आणि तिच्या दाराशी सायकली, अशी आपल्या मीरा-भाईंदरमध्ये 1985 साली नगरपरिषद झाल्यानंतर जी बांधकामं उभी राहिली, त्यांतलीच एक. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका सकाळी या एकाच इमारतीतून मला चार फोन आले. चौघांचंही म्हणणं एकच होतं : "वॉशिंग मशीन मेलंय, लाइटसुद्धा लागत नाही."

घरगुती यंत्रं दुरुस्त करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. चार मशीनचे बोर्ड एकाच सकाळी आपापल्या कारणाने जात नाहीत, एवढं मला कळत होतं. म्हणून जिना चढण्याआधी मी मीटर रूममध्ये डोकावलो. न्यूट्रलच्या जाड तारेचा लग, म्हणजे टोकाची धातूची जोडणी, सैल होऊन काळा पडला होता. मी तिथे हात लावला नाही. आधी वीज कंपनीला कळवलं आणि मगच वर गेलो.

न्यूट्रल सुटला की काय होतं, ते सांगतो. इमारतीत तीन फेज येतात. प्रत्येक घराला एक फेज आणि एक न्यूट्रल मिळून 230 व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटला की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागोमाग एक जोडल्यासारखी होतात आणि दोघांत मिळून 400 व्होल्ट वाटले जातात. ही वाटणी सारखी होत नाही. ज्या बाजूला गीझर, इस्त्री असं पुष्कळ काही चालू असतं, तिथे व्होल्टेज पडतं. ज्या बाजूला एखादा पंखा आणि सॉकेटमध्ये नुसतं लावून ठेवलेलं मशीन असतं, तिथे ते साडेतीनशेच्या घरात जातं. म्हणजे ज्याने काहीच वापरलं नाही, त्याचंच नुकसान.

चारही मशीनमध्ये मला एकच चित्र दिसलं. बोर्डावरची काचेची फ्यूज-नळी आतून काळी, आरशासारखी झालेली, आणि तिच्या शेजारची नाण्याएवढी निळी चकती तडकलेली. या चकतीला व्हॅरिस्टर म्हणतात. एरवी ती गप्प बसलेली असते. व्होल्टेज फार वाढलं की ती स्वतःतून एकदम मोठा प्रवाह जाऊ देते, त्या प्रवाहाने फ्यूज उडतो आणि मागची सगळी सर्किट वाचतात. तीन घरांत नवी चकती आणि त्याच अँपिअरचा नवा फ्यूज घातल्यावर मशीन सुरू झालं. माल जेमतेम काही रुपयांचा. चौथ्या घरात माझ्या आधी कुणीतरी "बोर्ड गेला" म्हणून काही हजारांचा आकडा सांगून गेलं होतं. तोही बोर्ड जिवंतच होता.

माझं कळकळीचं सांगणं इथेच आहे. फ्यूज उडाला, तर तो कुणामुळे उडाला हे आधी शोधा. नळीकडे नीट बघितलं तरी पुष्कळ कळतं. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल, तर प्रवाह थोडाच जास्त होता, पण बराच वेळ होता, किंवा फ्यूज जुना होऊन थकला होता. काच काळी पडली असेल, तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. पांढऱ्या चिनीमातीच्या फ्यूजमधलं दिसत नाही, तिथे मल्टिमीटरच लावावा लागतो.

त्याहून मोठा पुरावा म्हणजे फ्यूज उडाला ती वेळ. ती मला मीटर सांगत नाही, घरातल्या ताई किंवा मावशी सांगतात. मी जाऊन आधी त्यांनाच विचारतो, की मशीन नेमकं काय करत असताना बंद पडलं? बटण दाबताच गेलं, तर संशय व्हॅरिस्टरवर किंवा एसीचं डीसी करणाऱ्या भागावर. पाणी भरताना गेलं, तर इनलेट व्हॉल्व्हवर. पाणी सोडायच्या वेळी गेलं, तर ड्रेन पंपावर. आणि पाणी तापताना घरातला ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडत असेल, तर बहुधा हीटर चिरलेला असतो आणि करंट बॉडीत उतरतोय. तेव्हा मशीनला कुणी हातसुद्धा लावू नये.

दोषी आधी शोधायचा, हे मी एका चुकीतून शिकलो. धंद्याच्या सुरुवातीला शांतीनगरमधल्या एका घरी मी जळलेला बोर्ड काढून नवा बसवला. दुसऱ्याच दिवशी पाणी सोडताना तोही जळला. पंपाचं कॉइल आतून शॉर्ट होतं आणि मी ते मोजलंच नव्हतं. साधारण अशा पंपाचं कॉइल शंभर ते दोनशे ओहम दाखवतं, व्हॉल्व्हचं चार हजारांच्या आसपास. पंपावर पाच-दहा ओहमच दिसले, तर तो त्याला चालवणारा ट्रायॅक जाळणारच, बोर्ड कितीही नवा असो. त्या कुटुंबाला दुसरा बोर्ड मी माझ्या पैशाने दिला. तेव्हापासून बोर्डाला हात लावण्याआधी पंप, व्हॉल्व्ह, मोटर सगळं मोजतो. आणि दुरुस्ती झाली की मशीन थेट सॉकेटला न लावता शंभर वॅटच्या बल्बमधून, सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळत राहिला तर शॉर्ट अजून आत आहे, आणि नवा फ्यूज वाचला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हवा. उत्तरेला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं, पश्चिमेला उत्तनचा समुद्र. राई-मुर्ध्याच्या बाजूला मशीन उघडलं, की कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरा हमखास सापडतो. तेवढ्यानेही पडद्यावर एरर येते आणि बोर्ड दोषी ठरतो. कनेक्टर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून परत घट्ट बसवला, की कितीतरी मशीन चालू होतात.

याच हवेपासून वाचवायला कंपन्या बोर्डावर रेझीन ओततात. ते गरजेचंच आहे. पण त्याखाली फ्यूजही गाडला जातो, सर्किटचा नकाशा मिळत नाही आणि काही रुपयांच्या भागासाठी अख्खा बोर्ड कचऱ्यात जातो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. घरगुती उपकरणं त्यात आहेत. फ्यूज रेझीनच्या बाहेर, होल्डरमध्ये असावा, एवढं जरी सगळ्यांनी केलं, तरी माझ्यासारख्याचं आणि तुमचंही मोठं काम होईल.

घरच्या घरी बघणाऱ्यांना एक विनंती. प्लग काढल्यावरही बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट काही वेळ राहू शकतात. त्याला बोट लावू नका. आणि जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळायची सवय मशीनच्या फ्यूजवर चालवू नका. फ्यूजच्या टोपीवर अँपिअरचा आकडा असतो आणि त्याच्या आधी टी किंवा एफ हे अक्षर. टी म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे झटकन. तोच आकडा आणि तेच अक्षर आणा.

नवघर रोडच्या त्या इमारतीत आता दर वर्षी मे महिन्यात परवानाधारक इलेक्ट्रिशियन येतो, मीटर रूममधले सोसायटीच्या बाजूचे न्यूट्रल तपासून घट्ट करतो आणि वीज कंपनीच्या बाजूचं काही सैल दिसलं तर कंपनीला कळवतो. त्यानंतर तिथून मला आलेले फोन एकेकट्या मशीनचे आहेत.