नवी साधने आणि इंधनाचा हिशेब



ज्या मार्कंडेय ऋषींच्या वंशात आपण पद्मशाली आपले मूळ मानतो, त्यांच्याच नावाच्या या क्षेत्री, उत्तरवाहिनी वैनगंगेच्या तीरी, आम्ही आज दिवा आणि चूल यांविषयी बोलणार आहोत. विषय घरगुती खरा. परंतु हरित म्हणविणारी नवी साधने खरोखरच इंधन वाचवितात काय, हा प्रश्न कोळशाच्या आणि जंगलाच्या आपल्या जिल्ह्यांस इतरांहून अधिक जवळचा आहे.

चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. अशा केंद्रांत कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली धुराड्यावाटे व पाण्यावाटे निघून जाते. म्हणजे घरी वाचलेले एक युनिट तेथे सुमारे तिप्पट उष्णता वाचविते. जुन्या 60 वॉटच्या दिव्याचे काम 9 वॉटचा एलईडी करतो, आणि 2015 पासून उजाला योजनेने तो स्वस्तात घरोघर नेला. हा लाभ नाकारता येणार नाही.

मात्र दिवा स्वस्त झाला की अंगणात एक, न्हाणीत एक, आणि देव्हाऱ्याभोवती रात्रभर माळ! वाफेची यंत्रे काटकसरी झाली तसा इंग्लंडात कोळसा अधिकच जळू लागला, हे जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच दाखवून दिले होते. तरीही ज्या घरी कालपर्यंत काळोख होता, तेथील दुसऱ्या दिव्यास उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

चुलीची गोष्ट निराळी. उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्यास लागतो. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, शेगड्या आल्या. परंतु टाकी पुन्हा भरण्यास पैसा नसला की शेगडी फळीवर जाते, आणि घरची बाई मोळीसाठी रानात, जेथे वाघाचे भय आहे. फळीवरच्या शेगडीची कार्यक्षमता किती धरावी?

आपण विणकर. मागावर सूत किती चढले व कापड किती उतरले, हे ताडून पाहणे आपल्यास शिकवावे लागत नाही. येथेही साधनावरील शिक्का न पाहता वर्षअखेरीस बिलातील युनिटे, भरलेल्या टाक्या आणि आलेल्या मोळ्या मोजाव्या. आमची सूचना एवढीच की, समाजाच्या समारंभांतील रोषणाई निम्मी करावी, वाचलेल्या पैशांतून गरजू भगिनींच्या टाक्या भरून द्याव्यात, आणि त्याचा हिशेब त्याच भगिनींच्या हाती असावा.