अमेरिकेतील बंदुकीचा कायदा आणि त्याचे वर्गीय स्वरूप

(पक्षाच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार होऊन मुले मारली गेली, की तेथील सत्ताधाऱ्यांची ठरावीक भाषा ऐकू येते. मारेकरी माथेफिरू होता. मृतांसाठी प्रार्थना करू या. शोकाच्या घटकेला राजकारण नको. परंतु माथेफिरू माणसे साऱ्या जगात आहेत. वर्गात शिरून मुलांना टिपण्याचे प्रकार त्या एका देशात इतक्या वारंवार का घडतात, याचे उत्तर तेथील बाजारात आणि कायद्याच्या पुस्तकात शोधावे लागते.

'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या जिनिव्हातील संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी बंदुका व पिस्तुले होती. जगाच्या लोकसंख्येत चार टक्के वाटा असलेल्या देशात जगातील खाजगी शस्त्रांपैकी जवळजवळ निम्मी शस्त्रे! २०२१ साली तेथे बंदुकीच्या गोळीने ४८,००० हून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, ही गोष्ट मथळ्यांत येत नाही. २०२० साली लहान व किशोरवयीन मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकले.

टेक्सास राज्यातील युवाल्डी येथे २४ मे २०२२ रोजी एका प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याला १८ वर्षे पूर्ण होऊन थोडेच दिवस झाले होते. रायफली त्याने रीतसर, कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. घटनास्थळी निरनिराळ्या दलांचे ३७६ अधिकारी जमले, आणि मारेकऱ्याला ठार करण्यापूर्वी ७७ मिनिटे गेली. शाळेच्या दाराशी अधिक बंदूकधारी उभे करा, हा उपाय सुचविणाऱ्यांना या ७७ मिनिटांचा हिशेब देता आलेला नाही. फ्लोरिडात, पार्कलँडच्या शाळेत १७ जणांचा बळी गेल्यावर विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि रिपब्लिकन पक्षाच्या राज्य सरकारला २०१८ मध्ये रायफल खरेदीचे वय २१ वर न्यावे लागले. टेक्सासमध्ये तसा कायदा असता, तर त्या तरुणाला दुकानदाराने रायफल विकली नसती.

बंदूक बाळगण्याच्या या 'स्वातंत्र्या'चा इतिहास उलगडून पाहण्यासारखा आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत सुनियंत्रित नागरी सैन्याचा उल्लेख आहे. तिच्यातून व्यक्तीचा स्वतंत्र हक्क निघतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. मात्र हा हक्क सर्वांसाठी कधीच नव्हता. यादवी युद्धानंतर मिसिसिपीसारख्या राज्यांनी गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते पोलिसांवर पाळत ठेवण्यासाठी उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेले शस्त्र सार्वजनिक जागी बाळगण्यावर तातडीने बंदी आली. कायद्यावर सही करणारे राज्यपाल होते रोनाल्ड रेगन, आणि त्याला पाठिंबा होता नॅशनल रायफल असोसिएशनचा! शस्त्र काळ्या हातात दिसताच दोघांनाही नियंत्रणाचे महत्त्व पटले.

येथे काही कॉम्रेड्स एक प्रामाणिक शंका विचारतात. मार्क्स आणि एंगल्स यांनी मार्च १८५० मध्ये कम्युनिस्ट लीगला पाठविलेल्या पत्रकात कामगारांनी आपली शस्त्रे सरकारच्या स्वाधीन करू नयेत, अशी भूमिका घेतली होती. मग शस्त्रनियंत्रणाची मागणी आपण कशी उचलून धरावी? पत्रक नीट वाचले तर शंकेचे निरसन होते. त्यात संघटित कामगारांचे, स्वतः निवडलेल्या नायकांच्या हुकमतीखालील दल अभिप्रेत आहे. जर्मनीतील क्रांतीच्या धामधुमीतील ती भूमिका होती. दुकानातून एकेकट्याने विकत घेतलेली एआर-१५ रायफल हा निव्वळ बाजारातला माल आहे. ३९ कोटी शस्त्रांनी अमेरिकन कामगाराच्या हाती तसूभरही सत्ता आलेली नाही. कोलोरॅडोतील लडलो येथे २० एप्रिल १९१४ रोजी संपकरी खाणकामगारांजवळ बंदुका होत्या; तरीही रॉकफेलरच्या कंपनीचे रक्षक व राज्याचे सैनिक यांच्या मशीनगन आणि त्यांनी लावलेली आग यांपुढे त्यांची तंबूंची वसाहत टिकली नाही. एका तंबूखालील खड्ड्यात ११ मुले आणि २ स्त्रिया गुदमरून मेल्या. त्याच राज्यात, त्याच तारखेला, १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १३ जणांचे प्राण घेतले.

भारतीय कार्यकर्त्याला हा मुद्दा परका नाही. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्रकायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळीक दिली, ही अपमानाची आठवण आपल्याकडे आहे. परंतु खेड्यात परवान्याची बंदूक कोणाच्या माडीवर टांगलेली असते, हेही शेतमजुरांत काम करणाऱ्याला ठाऊक असते. बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे १ डिसेंबर १९९७ च्या रात्री जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ दलित-गरिबांची हत्या केली. शिक्षा झालेल्या सर्व आरोपींना पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्दोष सोडले. खाजगी शस्त्रांचा सुळसुळाट झाला की गोळी कोणाच्या छातीत शिरते, हे तेथे दिसले.

भांडवलशाही आहे तोवर काहीच होणे नाही, असे म्हणून स्वस्थ बसणेही चुकीचे. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे १९९६ मध्ये ३५ माणसे मारली गेल्यावर जॉन हॉवर्ड यांच्या पुराणमतवादी सरकारनेच सुमारे साडेसहा लाख शस्त्रे विकत घेऊन नष्ट केली. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ मुसलमानांची हत्या झाली, आणि एक महिना उलटण्यापूर्वी, १० एप्रिल २०१९ रोजी संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी लष्करी धर्तीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. दोन्ही देश भांडवलशाहीच आहेत.

अमेरिकेत आडवा येतो तो शस्त्रउद्योग व त्याचे हस्तक. लष्करी धर्तीच्या रायफलींवर १९९४ मध्ये घातलेली बंदी २००४ मध्ये मुदत संपताच लुप्त होऊ दिली गेली. पुढच्याच वर्षी शस्त्रकारखानदारांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला. अन्य किती उद्योगांना असे कवच लाभले आहे? सँडी हूक येथे २०१२ मध्ये २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. त्यानंतर शस्त्रखरेदीदारांच्या पार्श्वभूमीची तपासणी वाढविण्याचे विधेयक २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी, म्हणजे बहुमत असूनही, पडले. ६० मते लागत होती. युवाल्डीनंतर २५ जून २०२२ रोजी एक मर्यादित कायदा झाला खरा, परंतु दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षांचा परवाना कायदा रद्द केला होता.

सँडी हूकच्या नऊ कुटुंबांनी मात्र त्या कवचात फट शोधली. आपली रायफल घेतली की पुरुष असल्याचा दाखला परत मिळतो, अशा थाटाच्या जाहिराती तरुणांना उद्देशून केल्याबद्दल त्यांनी रेमिंग्टन कंपनीला न्यायालयात खेचले. फेब्रुवारी २०२२ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत गेल्यानंतर, तिच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. तडजोडीत त्या कुटुंबांनी पैशांखेरीज आणखी एक अट मान्य करून घेतली : कंपनीची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध करण्याची मुभा.