दलदलीतील हिरवी टाचणी



पाण्याकाठी भिरभिरणारा चतुर आपणां सर्वांस परिचित आहे. त्याच्याच जवळच्या नात्यातील एक नाजूक कीटक म्हणजे टाचणी. चतुर बसला असता पंख पसरून ठेवतो; टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. आज मी अशाच एका टाचणीची हकीकत सांगणार आहे. ती आपल्याकडील नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील गोड्या पाण्याची दलदल हे तिचे घर होय.

तिचे शास्त्रीय नाव हेमिफ्लेबिया मिराबिलिस. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे कीटकशास्त्रज्ञ सेलिस-लाँगशां यांनी ते ठेवले. ‘मिराबिलिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अद्‌भुत’ असा आहे. अंगकाठी जेमतेम इंचभर आणि रंग धातूप्रमाणे चकाकणारा हिरवा. त्यामुळे लव्हाळ्यात बसलेली ती सहसा ओळखूच येत नाही. नराच्या शेपटीच्या टोकाशी पांढरी उपांगे असतात. ती त्याने हलविली, म्हणजे कोठे आपले लक्ष तिकडे जाते.

परंतु तिची खरी थोरवी तिच्या कुळात आहे. या कुळातील तिचे आप्त डायनोसॉरच्या युगात होऊन गेले. त्यांचे आता केवळ जीवाश्म मिळतात. आज त्या कुळात ही एकच जाती जिवंत आहे. ती नाहीशी झाली, तर सारे घराणेच बुडाले म्हणावयाचे!

व्हिक्टोरिया राज्यात नदीकाठच्या पाणथळ जागी ती पूर्वी आढळे. पुढे ती तेथून दिसेनाशी झाली आणि १९८० च्या सुमारास ती नामशेष झाली असावी, अशी भीती अभ्यासकांना वाटू लागली. मात्र १९८५ साली त्याच राज्याच्या दक्षिण टोकास, विल्सन्स प्रॉमन्टरी येथे, ती पुन्हा सापडली. त्यानंतर टास्मानियाच्या ईशान्य भागात, फ्लिंडर्स बेटावर आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातही तिचा शोध लागला. जेथे दलदल शाबूत राहिली होती, तेथे ती टिकून होती.

टाचणीची अंडी पाणवनस्पतींत घातली जातात आणि पिल्ले पाण्याखाली वाढतात. शिवाय ही टाचणी दूरवर उडणारी नव्हे. म्हणून एखादी दलदल बुजविली, चर खणून तिचे पाणी काढून दिले, अथवा गुरांनी ती तुडविली, तर तेथील टाचण्यांनी जावे कोठे?

दलदल म्हणजे पडीक, निरुपयोगी जमीन, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आपल्या गावाजवळची एखादी पाणथळ जागा बुजविण्याची गोष्ट निघाली, तर आधी तिच्या काठाशी घटकाभर थांबून तेथे कोण राहते हे पाहावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.