यखनीतली बोटी
(वडीगोद्री येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)

दोस्तांनो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथे उभा आहे तो एका मुलाच्या नात्याने. अब्बांना तोंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांना खाऊ घालण्यात आमच्या घराने ज्या चुका केल्या, त्या तुमच्या घरात होऊ नयेत, एवढंच सांगायचंय.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. तंबाखू, मग गुटखा. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पुडी मात्र अजून मिळते.

उपचार संभाजीनगरला होते. पाचोड, आडूळ ओलांडून रोज जाणं-येणं जमेना, म्हणून तिथेच खोली घेतली. आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन, जोडीला केमो. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोललं. पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. अम्मी रोज यखनी करायची. मटण तासभर शिजवून वरचं पाणी अब्बांना द्यायची आणि म्हणायची, "ताकद की चीज है." बोट्या आम्ही खायचो.

वजन 58 किलोंवरून 52 वर आलं. मला वाटलं, आजारच आहे, उतरणारच. तिथल्या आहारतज्ज्ञ ताईंनी विचारलं, "भाऊ, बोटी कोण खातं?" मी गप्प. ताकद पाण्यात थोडी उतरते, प्रथिनं बोटीतच राहतात. म्हणजे आजारी माणसाला आम्ही चव देत होतो आणि जेवण आम्ही जेवत होतो.

त्यांनी हिशोब दिला. उपचार चालू असलेल्या माणसाला साधारण किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 50 किलोच्या माणसाला रोज 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात 6, पेलाभर दुधात 6-7, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच. चार अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या वरण आणि थोडी मऊ कोंबडी, एवढ्यात आकडा गाठता येतो. किडनीचा त्रास असेल तर हिशोब बदलतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं.

वजनाचा आणखी एक अर्थ तेव्हा कळला. रेडिएशनच्या वेळी मान हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा बनवतात. माणूस फार वाळला की तो सैल होतो, माप पुन्हा घ्यावं लागतं, उपचारात खंड पडू शकतो. आणि या कॅन्सरमध्ये खंड परवडत नाही.

मग अम्मीने तीच यखनी बोट्यांसकट मिक्सरमधून काढली. बिनमिरचीचा खिचडा केला, गहू, डाळ, गोश्त अगदी घोटून. जवाची तलबीना दुधात केली. आजाऱ्यासाठी तिचा उल्लेख हदीसमध्ये आहेच. दिवसातून तीन वेळा पोटभर नाही, दर दोन तासांनी चार चमचे. तोंडाला लोखंडासारखी चव यायची, म्हणून स्टीलऐवजी प्लॅस्टिकचा चमचा. अंडं पूर्ण उकडलेलं, दूध उकळलेलं, कारण केमोत पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतूही भारी पडतो.

भेटायला येणारे पिशवीभर मोसंबी आणायचे. आपल्या जालन्याची मोसंबी नावाजलेली, प्रेमाने आणलेली. पण सोललेल्या तोंडाला ती झोंबते. आम्ही ती घरी ठेवली आणि पाहुण्यांना पाजली. कुणी म्हणे साखर बंद करा, कुणी म्हणे अंडं गरम पडतं, कुणी म्हणे सुया सोडा, कलौंजी पुरे. माझी विनंती आहे: कलौंजी हवी तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण तिच्यासाठी उपचार सोडू नका.

त्यातच रमजान आला. अब्बांनी हट्ट धरला, "चालीस साल में एक रोजा नहीं छोडा." अब्बांच्या केमोतलं सिसप्लॅटिन किडनीवर ताण देतं, त्या दिवसांत पाणी भरपूर प्यावं लागतं. मी चिडलो, वाद घातला, ते ऐकेनात. शेवटी आपल्या मशिदीचे इमामसाहेब खोलीवर आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "चाचा, सूरह बकरात आजाऱ्याला सूट दिली आहे. अल्लाहने दिलेली सूट तुम्ही का नाकारता?" अब्बा बराच वेळ रडले. मग खिचडा मागितला. माझ्या युक्तिवादाने जे झालं नाही, ते त्या दोन वाक्यांनी झालं.

उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो. पण खोलीवरची अंडी, दूध, गॅस घरालाच पाहावं लागतं. म्हणून मला जमातीकडून मागणं आहे. गावातलं कुणी उपचाराला गेलं, तर मोसंबीऐवजी अंड्यांचा ट्रे न्या. दर जुम्म्याला त्यांचं वजन विचारा, घटत असेल तर आहारतज्ज्ञाकडे पाठवा. गिळताच येत नसेल आणि डॉक्टर नाकातून नळी सांगत असतील, तर तिला घाबरू नका. ती काढता येते. आणि रांधणाऱ्या बाईलाही जेवायला बसवा. त्या दोन महिन्यांत अम्मीचं वजन किती उतरलं, ते मी लिहूनच ठेवलं नाही.

अब्बांचं तोंड अजून पूर्ण उघडत नाही. भाकरी रश्श्यात कुस्करून खातात. पण बोटी आता त्यांच्या ताटात आधी पडते.